लाकूड ओळखताना
सोलापूर परिसरातील लाकडांच्या परिचयग्रंथाची प्रस्तावना

वखारीत आलेल्या लाकडाला पान नसतं, फूल नसतं, शेंग नसते. पुष्कळदा सालही निघून गेलेली असते. झाडं ओळखायला शिकवणारी चांगली पुस्तकं मराठीत आहेत. ती पान, फूल, फळ, साल यांच्या आधारानं शिकवतात आणि झाड उभं असेपर्यंत त्यांचा उत्तम उपयोग होतो. तेच झाड आडवं झालं, त्याचे ओंडके, फळ्या, ढलप्या झाल्या, की वाचकाला आधार उरत नाही. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. तोडलेलं, कापलेलं, जुनं झालेलं, कधी अर्धवट जळलेलं लाकूड हाती आलं तर ते कोणत्या झाडाचं हे कसं ठरवायचं, आणि ठरल्यावर ते कशाला वापरायचं, एवढे दोन प्रश्न त्यात आहेत. मुलूख सोलापूर जिल्ह्याचा आणि त्याला लागून असलेल्या धाराशिव, सांगली, विजयपूर, कलबुर्गीकडच्या पट्ट्याचा.

सोलापुरात लाकूड आहेच कुठे, अशी शंका अनेकांना येईल. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते इथल्या गवताळ माळांसाठी. घनदाट अरण्य म्हणावं असं या भागात काही नाही. पण झाडं आहेत. बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात, देवळाच्या आवारात, विहिरीच्या कडेला ती आहेत आणि इथला माणूस पिढ्यान् पिढ्या त्यांच्यावरच जगला आहे. कोकणात किंवा मेळघाटात एखादं लाकूड नाही जमलं तर शेजारचं दुसरं घेता येतं. इथे निवड थोडी, म्हणून प्रत्येक लाकडाचा स्वभाव नीट माहीत असावा लागे. चूक झाली तर ऐन पेरणीत पाभर मोडायची.

या मुलखाचं मुख्य लाकूड बाभळीचं. ताजं कापलं तर गाभा गुलाबीसर दिसतो, उघड्यावर राहिला की तांबूस-तपकिरी होत जातो. बाहेरचा पांढरट थर त्यापासून स्पष्ट वेगळा दिसतो. वाळलेलं लाकूड घनमीटरला सुमारे ८०० किलो भरतं. आडव्या छेदावर धारदार पात्यानं एक स्वच्छ काप घेतला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं, तर छिद्रं विखुरलेली दिसतात आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं असतं. हे कडं बाभळीच्या ओळखीची मोठी खूण. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे, जू, नांगराचा हळीस, कुळवाचं दिंड आणि जानकुडं, अवजारांचे दांडे, ही सगळी कामं बाभळीनं केली. धक्का सोसायचा आणि चिरायचं नाही, हा गुण तिच्यात आहे. तिचा दोष म्हणजे पांढऱ्या थराला लागणारी कीड. ती बघता बघता त्याचा भुगा करते. म्हणून जुने सुतार बाभळीचे ओंडके काही महिने विहिरीत किंवा डोहात बुडवून ठेवत आणि मग कामाला घेत. पाण्यात मुरवण्याच्या या रीतीनं लाकडातलं किडीचं खाद्य धुऊन जातं, हे पुढे लाकूडशास्त्रानंही मान्य केलं.

बाभळीतही प्रकार आहेत. सरळ उंच, झाडूसारख्या फांद्यांची रामकाठी वेगळी. पसरट वाढणारी, जाड शेंगांची वेगळी. वेडी बाभूळ हे नाव तर दोन झाडांना लागलेलं आहे: जुन्या वनस्पतिग्रंथांत ते देशी बाभळीच्याच एका प्रकाराला आहे, आणि आज सगळे ज्याला वेडी बाभूळ म्हणतात ते झाड अमेरिका खंडातून आलेलं. १८७७ च्या सुमारास त्याचं बी हिंदुस्थानात पेरलं गेलं आणि पडीक रानं, रस्त्यांच्या कडा, धरणांचे काठ त्यानं व्यापले. नुसत्या नावावर विसंबलं तर जुनं पुस्तक आणि आजचा माणूस दोन वेगळ्या झाडांविषयी बोलत राहतात. लाकूड समोर ठेवलं की घोटाळा राहत नाही: वेड्या बाभळीचा बाहेरचा थर पिवळसर आणि अरुंद, गाभा गडद तपकिरी, जांभळट झाक असलेला.

आता जळणाविषयी. लाकूड हा विषय निघाला की टिकाऊ इमारती लाकडाची चर्चा आधी होते आणि सरपण शेवटच्या परिच्छेदात उरकलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. माणसानं आजवर तोडलेल्या लाकडाचा फार मोठा वाटा चुलीत गेला आहे, आणि लाकूड पारखण्याचं सर्वांत सूक्ष्म ज्ञान चुलीपुढे बसणाऱ्या बायकांकडे होतं. कोणतं लाकूड तडतडतं, कोणतं नुसतं धुमसतं, कशाचा निखारा तासभर टिकतो, कशाच्या धुरानं डोळे चुरचुरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. सोलापूरची कडक भाकरी मंद, एकसारख्या आचेवर हळूहळू वाळवावी लागते. भडकून जळणारी तुराटी तिथे उपयोगाची नाही. बाभळीचा किंवा बोरीचा निखारा हवा. उलट चहाचं आधण पटकन यायला पऱ्हाटी आणि धसकटं बरी. कडुनिंब जळतो चांगला, पण धूर कडवट, म्हणून स्वयंपाकाला तो शक्यतो टाळतात. ही पारख ग्रंथांत फारशी नोंदली गेली नाही, आणि गॅस आल्यावर ती एका पिढीत पुसली जाऊ लागली. धुरानं बायकांची फुप्फुसं जळत होती. गॅस आला हे चांगलंच झालं. त्यासोबत हे ज्ञानही जावं, अशी मात्र काही गरज नव्हती.

जळणाच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकानं लक्षात ठेवावी. पूर्ण वाळलेलं कोणतंही लाकूड किलोमागे साधारण सारखीच उष्णता देतं. बाभळीच्या बाहेरच्या थरातून किलोला सुमारे ४,८०० किलोकॅलरी मिळतात, गाभ्यातून ४,९५०. हलक्या लाकडांचे आकडेही यापासून फार दूर नाहीत. फरक पडतो तो आकारमानात. महारुखाचं लाकूड घनमीटरला ४०० ते ४५० किलो, म्हणजे बाभळीच्या जवळजवळ निम्मं. पांगारा त्याहून हलका. त्यामुळे मोळीवर किंवा गाडीवर खरेदी असेल तर लाकूड ओळखता आलंच पाहिजे, नाहीतर त्याच पैशात निम्मी आच घरी येते. वजनावर खरेदी असेल तर ओळखीइतकाच ओलावा महत्त्वाचा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, आणि ते पाणी वाफ करून घालवण्यात उरलेल्या लाकडाची बरीच उष्णता खर्ची पडते. दोन ओंडके एकमेकांवर आपटावेत: वाळलेल्याचा आवाज खणखणीत, ओल्याचा बद्द. टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडल्या असतील तर लाकूड बऱ्यापैकी वाळलेलं समजावं.

कोळसा हा याच विषयाचा दुसरा भाग. वेड्या बाभळीच्या कोळशाच्या भट्ट्या इथल्या माळांवर लागतात आणि त्या लावायला रायगडकडची कातकरी कुटुंबं दरवर्षी घर सोडून दूरवर येतात. त्यांचं हे कौशल्य आणि त्यांची ओढाताण या दोन्हींची दखल या पुस्तकात घेतली आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उसानं भरलेल्या सोलापूर जिल्ह्यात पाचट पेटवून देण्याची रीत अजून चालू असताना या कामाचा इथे व्हायला हवा तेवढा प्रसार झाला नाही, असं माझं मत आहे. जे जळण झाड न तोडता मिळतं, ते आधी वापरलं पाहिजे.

चुलीपलीकडे गेलं की सोलापूरच्या लाकडाचा संसार आणखी मोठा दिसतो. तेलाच्या घाण्याला चिंचेसारखं घट्ट लाकूड लागतं. चिंचेचा बाहेरचा फिकट भाग मोठा आणि गडद जांभळट गाभा लहान, वेडावाकडा. खाटकाचा ठोकळाही बहुधा चिंचेचाच, कारण तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि सत्तूराच्या घावानं फाटत नाहीत. करडईच्या या मुलखात लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा मागणी आली आहे, पण घाणा बसवणाऱ्याला लाकूड निवडता येतंच असं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात हातमाग वाढवला. मागाचा धोटा घट्ट, गुळगुळीत, कूस न सुटणाऱ्या लाकडाचा असावा लागतो. एक बारीक कूस निघाली तरी ताण्याचे धागे तुटतात. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं तुळशीच्या वाळलेल्या काड्यांपासून मणी कातून माळा करतात. तुळस हे झाडही नव्हे, झुडूप. तरी तिच्या बोटभर जाडीच्या खोडालाही लाकूड असतं आणि ते ओळखता येतं. दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून विकले जातात, तेव्हा वारकऱ्याच्या श्रद्धेला फसवलं जातं. म्हणून तुळशीच्या लाकडाला या पुस्तकात मोठ्या वृक्षांइतकीच जागा दिली आहे. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठी पिकतो, दांडी मात्र तुनीच्या लाकडाची असते आणि ते लाकूड बाहेरून येतं.

होमहवनाच्या समिधा ही लाकूड ओळखण्याची आणखी एक जुनी शाळा. नवग्रहांसाठी रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी आणि त्यांच्यासोबत दूर्वा नि दर्भ असा क्रम ठरलेला आहे. खैराच्या लाकडात छिद्रांत पांढरट चुन्यासारखा साका दिसतो, तो काताचा. एवढी एक खूण माहीत असली तरी खैराची समिधा पारखता येते.

झाड ओळखीचं, पण लाकूड अनोळखी, याचं उदाहरण म्हणून शिंदी मुद्दाम घेतो. ८ मे १९३० रोजी सोलापुरात रूपाभवानी मंदिराजवळ शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहातून प्रकरण गोळीबारापर्यंत गेलं, पुढे शहरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. हा इतिहास प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहे. शिंदीच्या खोडाचा छेद मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल. त्यात वलयं नसतात, गाभा आणि बाहेरचा थर असा भेद नसतो. विखुरलेले गडद ठिपके तेवढे दिसतात. शास्त्राच्या काटेकोर अर्थानं ते लाकूडच नाही. तरी छपरांना आणि पाण्याच्या पन्हाळींना ते वापरलं गेलं.

या विषयाचं शास्त्र कसं घडलं, हे थोडक्यात सांगायला हवं. गावाचा सुतार हा पहिला लाकूडतज्ज्ञ. वाकस मारला की लाकूड कसं उडतं, रंध्याखाली भुसा कसा सुटतो, वास कसा येतो, यावरून तो बोलत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुतेदारांचं जग आलं आहे, पण सुताराची लाकडाची पारख तपशीलवार नोंदून घ्यावी, असं त्या काळात कुणाला सुचल्याचं दिसत नाही. ही मोठी हानी आहे. दुसरी परंपरा वनखात्याची. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला अलेक्झांडर गिब्सन हा पहिला वनसंरक्षक मिळाला. जहाजं, मग रेल्वेचे स्लीपर, मग कारखाने यांना कोणतं लाकूड चालेल, हा सरकारी प्रश्न झाला. गॅम्बलचा हिंदी लाकडांवरचा ग्रंथ १८८१ साली निघाला. कुकची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ मध्ये आणि टॅल्बटचा इलाख्यातल्या वनवृक्षांवरचा ग्रंथ १९०९ ते १९११ मध्ये आला. त्या ग्रंथांत मराठी नावं आहेत, लाकडाचं वजन आणि रंगही आहे; परंतु त्यांची नजर खरेदीदाराची होती. बैलगाडी करणारा किंवा भाकरी भाजणारी त्यात अधूनमधूनच दिसते.

तिसरी परंपरा प्रयोगशाळेची. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ ची. तिथे लाकडाच्या हजारो नमुन्यांचा संग्रह उभा राहिला. पातळ चकत्या कापून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर रंग उडालेल्या, वास गेलेल्या लाकडाचीही ओळख पटते. के. ए. चौधुरी यांनी तिथे या कामाला शिस्त लावली आणि हडप्पाच्या शवपेटीत शिसव आणि देवदार अशी दोन लाकडं असल्याचं दाखवलं. लाकूड जळून कोळसा झालं तरी त्याची पेशीरचना शिल्लक राहते. म्हणून डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात भीमेच्या खोऱ्यात इनामगावला केलेल्या उत्खननासारख्या कामात चुलीतला कोळसाही पुरावा ठरतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं चुलीत काय घातलं, हे तो सांगू शकतो. चौथी परंपरा अगदी अलीकडची: डीएनए, रासायनिक वर्णपट, आणि छेदाचं छायाचित्र पाहून नाव सुचवणारी यंत्रं. अमेरिकेत मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी असं उपकरण तयार केलं आहे. यंत्रं चांगली आहेत, पण ज्या लाकडांचे नमुने त्यांना दाखवले तेवढीच ती ओळखतात. आपल्या हिवराचे, हिंगणबेटाचे नमुने आपणच गोळा करून दिले पाहिजेत.

या परंपरांत एक जुना वाद आहे. सुतार म्हणतो, हात आणि नाक पुरे. प्रयोगशाळा म्हणते, रंग, वास आणि वजन बदलतं, रचना बदलत नाही. मी प्रयोगशाळेच्या बाजूनं आहे, पण पूर्णपणे नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात सॅसाफ्रास नावाचं एक सुगंधी झाड आहे. ढलपी काढून हुंगली की तिथला लाकूडतोड्या क्षणात त्याचं नाव सांगतो, आणि ते हलकं, ठिणग्या उडवणारं असल्यानं घरातल्या शेकोटीऐवजी अंगणातल्या जाळाला ठेवतो. तिथे वास हाच पुरावा. आपल्याकडे चंदन आणि साग यांच्या बाबतीत वासावर भरवसा ठेवता येतो, तरी चंदनाचं तेल चोळलेलं भलतंच लाकूडही बाजारात येतं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक लाकडासाठी आधी नाक आणि हात, मग भिंग, आणि अडलंच तर सूक्ष्मदर्शक, अशी चढती पायरी ठेवली आहे.

हे सगळं आज का, याची कारणं सोलापूरच्या रस्त्यांवर दिसतात. महामार्ग आणि पालखी मार्ग रुंद होताना जुने कडुनिंब, चिंचा, वड पडले. वडाचं लाकूड फारसं टिकत नाही, हे खरं. पण जुन्या कडुनिंबाचा तांबूस गाभा वाळवीला दाद देत नाही. त्याच्या पेट्या, कपाटं, चौकटी दोन पिढ्या चालतात. तो ओंडका जळाऊ म्हणून वखारीत गेला, तर पन्नास वर्षांची वाढ काही दिवसांत राख होते. ओळख नसली की सगळं लाकूड एकाच भावाचं होतं, आणि तो भाव सरपणाचा असतो. मला या पुस्तकातून काही एक सांगायचं असेल तर ते हेच.

उलट बाजूही आहे. फर्निचरच्या दुकानात परदेशी लाकूड ‘अमुक साग’, ‘तमुक साग’ या नावानं विकलं जातं. खऱ्या सागाच्या छेदावर वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग साध्या डोळ्यांनाही दिसते, हाताला किंचित तेलकटपणा लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. ज्या लाकडात हे नाही, त्याला सागाचा भाव देऊ नये. कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, चंदन, खैर, अंजन, चिंच, आंबा, जांभूळ, मोह अशी झाडं आहेत. बाभूळ त्यात नाही. शेतकऱ्याच्या ट्रॉलीतला ओंडका बाभळीचा की अंजनाचा यावर त्याची अडवणूक होणार की नाही हे ठरतं. अंजनाचं वाळलेलं लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं, बाभूळ तरंगते. तुकडा वाळलेला असेल तर हे साधं परीक्षण शेतकऱ्यालाही करता येतं आणि तपासणाऱ्यालाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. लाकडांचा क्रम वर्णानुक्रमानं किंवा शास्त्रीय कुळांनुसार लावलेला नाही. वखार, शेत, घर, देऊळ, कारागिराचं दुकान अशा जागा घेतल्या आहेत आणि त्या त्या जागी जे लाकूड भेटतं ते तिथे दिलं आहे. म्हणून बाभूळ तीनदा येते, आणि डाळिंबही आलं आहे: सोलापुरातल्या बागा काढल्या जातात तेव्हा त्यांचं बारीक, घट्ट, पिवळसर लाकूड ढिगानं निघतं आणि त्याचा कुणी विचारही करत नाही. जी झाडं इथे नैसर्गिक वाढत नाहीत पण ज्यांचं लाकूड इथल्या वाड्यांत आहे, तीही घेतली आहेत. घराण्यांतल्या, गावांतल्या नावांचे फरक दिले आहेत. कानडी आणि तेलुगू नावंही दिली आहेत, कारण या शहरात तीन भाषांत लाकडाचा सौदा होतो. औषधी गुणांचे दावे मात्र वगळले आहेत. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलण्याचा अधिकार वैद्यकाचा आहे.

वाचकांना एक विनंती आहे. एक धारदार पातं आणि दहापट भिंग जवळ ठेवा. दोन्ही मिळून फार खर्च नाही. घरातल्या मोडक्या पाटापासून, जुन्या जूपासून सुरुवात करा, छेद ओला करून पाहा, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहा. गावात म्हातारे सुतार असतील तर त्यांच्याकडून लाकडांची नावं, ती कशाला वापरली आणि का, हे लिहून घ्या. आणि पुस्तकात नसलेलं लाकूड सापडलं तर त्याचा तळहाताएवढा तुकडा जपून ठेवा. त्याच झाडाची पानं, शेंगा, गावाचं नाव आणि तारीख त्यासोबत असू द्या, कारण ज्या तुकड्याचं झाड माहीत नाही त्याच्यावरून दुसरं लाकूड ओळखता येत नाही.